फॉलखालचा रंग

आधी फोटो आला आणि पाठोपाठ मेसेज: ‘काकू, ह्या साडीवर मॅचिंग ब्लाउज पीस मिळेल का?’ मी नेहमीचं उत्तर पाठवलं, ‘साडी घेऊन ये. सकाळी ये, उजेड असताना.’

वर्तकनगरात माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउज पीस, अस्तर, परकर, फॉल, रीळ, हुक, लेस, नाडी. साड्या मी ठेवत नाही. साडी तुम्ही कुठूनही आणायची आणि तिला लागणारं बाकी सगळं माझ्याकडून न्यायचं, असा हा धंदा. फोटोवरून मी कापड कापत नाही, याचा तुमच्या वयाच्या मुलींना फार राग येतो. पण फोनचा पडदा लाल, हिरवा आणि निळा अशा तीन प्रकाशांची बेरीज करून रंग दाखवतो. कापडाला स्वतःचा प्रकाश नसतो. त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग ते शोषतं आणि उरलेला परत करतं, तो आपल्याला दिसतो. त्यात कॅमेरा आपल्या मर्जीने फोटो उजळ करतो. एकदा कापलेलं ऐंशी सेंटिमीटर कापड परत ताक्याला चिकटत नाही.

मुलगी शनिवारी सकाळी आली. पिशवीत सुती नारायणपेठ होती, आईची. आई दोन वर्षांपूर्वी गेली. पुढच्या महिन्यात मुलीचं रजिस्टर लग्न आहे आणि त्या दिवशी तिला हीच साडी नेसायची आहे. सोबतचा ब्लाउज आईच्या मापाचा, काखेत विरलेला. फॉलही जीर्ण झाला होता, म्हणून तोही बदलायला सांगितला. मी पायरीवर बसून ब्लेडने त्याचे टाके उसवले. फॉल निघाला आणि आम्ही दोघी बघतच राहिलो. साडी वरून विटकरी-गुलाबी, उन्हात ठेवलेल्या जुन्या कौलासारखी. फॉलखाली मात्र चार बोटांची लांबच लांब डाळिंबी पट्टी, काल दुकानातून आणल्यासारखी. ब्लाउजची शिवण उलटून पाहिली, तर आत सोडलेल्या मायेतही तोच डाळिंबी.

मुलगी म्हणाली, “म्हणजे साडीचा खरा रंग हा होता?” आणि मग, “काकू, मॅचिंग कशाला करायचं?”

मी सव्वीस वर्षं या गल्ल्यावर बसते आहे. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी तिला म्हटलं, साडी दोन दिवस माझ्याकडे ठेव.

*

मॅचिंग ही गोष्ट आपल्याकडे किती जुनी असेल? सासूबाईंच्या आईला हा शब्द माहीतच नव्हता. त्या जन्मभर नऊवारी लुगडं नेसल्या आणि वर खणाची चोळी. खण येतो गुळेदगुड्डहून, आताच्या कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातून. दोन्ही कडांना काठ, मध्ये बारीक बुट्टे, असं ते आखूड कापड खास चोळीसाठीच विणलं जायचं. लुगडं हिरवं असेल तर चोळी लाल, लुगडं जांभळं असेल तर चोळी पिवळी. चोळी लुगड्याच्या रंगाची असावी, असं कुणाच्या मनातही येत नसे. एक खण दोन-तीन लुगड्यांवर चालायचा. देवीची ओटी खणानारळाने भरतात, तेव्हाही देवीच्या साडीचा रंग विचारून खण कुणी आणत नाही.

मग समोर गाठ मारायची चोळी मागे पडली आणि बटणांचा झंपर आला. इंग्रजी ‘जंपर’चा आपण झंपर केला. तोही गेला आणि ब्लाउज उरला. हे सगळं शिवणयंत्राच्या पावलांनी आलं. सिंगरची यंत्रं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत हिंदुस्थानात विकली जाऊ लागली होती. 1935 साली कलकत्त्यात जय इंजिनिअरिंग वर्क्स उभी राहिली आणि तिच्या ‘उषा’ने देशी घरांत जागा मिळवली. पण यंत्राने फक्त शिवण दिली. साडी आणि ब्लाउज एकाच रंगाचा असण्यासाठी आणखी एक गोष्ट लागते. साडी एका गावात रंगली आणि ब्लाउजचं कापड दुसऱ्या गावात रंगलं, तरी दोन्हींचा रंग हुबेहूब जुळला पाहिजे. फार काळ हे कुणाच्याच हातात नव्हतं.

*

रंगांची मराठी नावं मला लहानपणापासून आवडतात. त्यातली काही नावं म्हणजे सरळ रंगाच्या पाककृती आहेत, हे मला दुकानात बसायला लागल्यावर कळलं.

कुसुंबी घ्या. कुसुंब म्हणजे करडई, जिचं तेल आपण खातो. तिच्या पाकळ्या पाण्यात भिजवून आधी त्यातला पिवळा रंग धुऊन टाकायचा. मग त्याच पाकळ्या खाराच्या पाण्यात मळल्या की लाल रंग सुटतो. त्यात लिंबासारखं आंबट घातलं की तो कापडावर खुलतो. दिसायला अतिशय देखणा आणि टिकायला अतिशय नाजूक. ऊन लागलं की उडालाच. मंजिष्ठाच्या मुळांचा लाल त्यापेक्षा पक्का, पण त्याला तुरटी लागते. तुरटीऐवजी लोखंडाचं पाणी वापरलं तर तीच मुळं काळपट रंग देतात. नीळ तर जादूच. निळीच्या पिंपातून कापड बाहेर येतं ते हिरवट-पिवळं असतं. हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. किरमिजीमध्ये चक्क किडा आहे. फारसीतला ‘किर्म’ म्हणजे किडा, आपल्या ‘कृमी’चा नातेवाईक. किड्यांपासून काढलेला तो लाल रंग. इंग्रजीतलं ‘क्रिमझन’ही त्याच कुळातलं.

हे काम करणारे वेगळे लोक होते. निळीत हात बुडवणारे निराळी. बाकी रंगांचे रंगारी. पुण्यात 1892 साली सार्वजनिक गणपती बसवणारे भाऊसाहेब रंगारी मूळचे जावळे. घराण्याच्या कापड रंगवण्याच्या व्यवसायावरून ते रंगारी झाले.

आता विचार करा. पाकळ्या कुठल्या शेतातल्या, पाणी जड की हलकं, तुरटी किती, कापड किती वेळ बुडवलं, यावर रंग ठरणार. एकाच रंगाऱ्याने आज आणि पुढच्या आठवड्यात काढलेले दोन लाल एकमेकांशी जुळतीलच असं नाही. जे जुळवता येत नाही, ते जुळत नाही म्हणून कोण खंतावणार? माझा असा समज आहे की विरुद्ध रंगाची चोळी घालण्यात आवड होतीच, पण थोडा शहाणपणाही होता. जवळजवळ सारखे पण नेमके सारखे नसलेले दोन रंग शेजारी आले की चूक दिसते. हिरव्यावर लाल घातलं की चूक दिसायला जागाच नाही.

*

1856 साली, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली त्यानंतर तीन वर्षांनी, लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा सुट्टीत घरच्या छोट्या प्रयोगशाळेत कोळशाच्या डांबरापासून क्विनीन बनवायच्या खटपटीत होता. मलेरियावरचं हे औषध इंग्रजांना त्यांच्या गरम वसाहतींत हवं होतं. क्विनीन झालं नाही, भांड्यात काळा गाळ उरला. तो स्पिरिटने धुताना जांभळा रंग सुटला. पर्किनने त्यात रेशीम बुडवलं. रंग धुतल्यावर जाईना, उन्हात लवकर उडेना. त्याने पेटंट घेतलं आणि कारखाना काढला. त्या जांभळ्याला पुढे ‘मॉव्ह’ म्हणू लागले.

पुढची चाळीस वर्षं म्हणजे रंगांची रांगच लागली. 1859 च्या सुमाराला मॅजेंटा आला. इटलीतल्या मॅजेंटा गावापाशी त्या वर्षी लढाई झाली, तिचं नाव रंगाला मिळालं. आमच्याकडे बायका ‘राणी कलर’ म्हणून जो मागतात, तो याच घरातला. 1868 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ग्रेबे आणि लीबरमान यांनी मंजिष्ठाच्या मुळातलं अलिझरिन प्रयोगशाळेत तयार केलं आणि बघता बघता मंजिष्ठाची शेती बसली. 1897 मध्ये बीएएसएफ या जर्मन कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. निळीचे मळे आटले. पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद झाल्यावर त्यांना काही काळ परत भाव आला. 1917 मध्ये गांधीजी चंपारणला गेले, ते याच निळीपायी नाडलेल्या शेतकऱ्यांसाठी.

या सगळ्यात रंगारी आणि निराळी यांचं काय झालं, हे त्यांच्या आडनावांत उरलं आहे. काम बहुतेकांचं गेलं. पण बदल्यात एक गोष्ट पहिल्यांदा शक्य झाली. डब्यातली पूड तोलून घ्या, तितकंच पाणी, तितकाच वेळ, की रंग तोच येणार, आज काय आणि वर्षाने काय. रंगाला नाव असायचं, आता नंबर आला. माझं दुकान त्या नंबरावर उभं आहे.

*

आमचं दुकान सासूबाईंनी 1987 साली सुरू केलं. वर्तकनगर ही म्हाडाची वसाहत. पलीकडे पोखरण रस्त्यावर रेमंडची गिरणी, 1925 पासूनची. लोकरीचं कापड आणि सुटिंग यांसाठी देशभर नाव झालेली. ती 2009 मध्ये बंद झाली, आता तिच्या जमिनीवर टॉवर उभे आहेत. त्या गिरणीच्या कापडात मला कायम एक गंमत वाटायची. पुरुषांच्या सुटाला करडा, काळा, निळा, तपकिरी एवढ्यात जन्म काढता येतो. कोट आणि पँट एकाच ताक्यातून कापली की जुळणीचा प्रश्न मिटला. इकडे नाक्यावरची बाई साडी सुरतची घेणार, परकर भिवंडीच्या कापडाचा, रीळ तिसऱ्या कंपनीचं, आणि हे सगळं एका रंगाचं दिसायला हवं. ती जबाबदारी माझी.

भिंतीवरच्या फळ्यांवर टू बाय टू रुबियाचे ताके उभे असतात. टू बाय टू म्हणजे ताणा आणि बाणा, दोन्हीकडे दोन धागे पिळून केलेलं सूत. म्हणून कापड पातळ असूनही दमदार असतं. ताके रंगांच्या उतरंडीने लावायचे, पांढऱ्यापासून मोतिया, श्रीखंडी, लिंबू, हळदी असं करत काळ्यापर्यंत. पहिली दोन वर्षं सासूबाईंनी मला कात्रीला हात लावू दिला नाही. फक्त ताके लावायला सांगायच्या. मी लावून झालं म्हटलं की त्या यायच्या आणि दोन ताक्यांची अदलाबदल करून जायच्या. “आमसुलीच्या शेजारी वांगी कशी? मध्ये जांभळी येते.”

दुसरा धडा पायरीचा. ट्यूबलाइटखाली जुळलेली दोन कापडं पायरीवर नेली की वेगळी दिसू शकतात. दोन रंग वेगवेगळ्या पुडींच्या मिश्रणातून आलेले असले की एका उजेडात सारखे दिसतात आणि दुसऱ्यात त्यांचं भांडण होतं. म्हणून गिऱ्हाइकाने ‘चालेल’ म्हटलं तरी ताका बाहेर नेऊन दाखवायचा.

मोजण्याचीही एक गोष्ट आहे. आपण साडीला सहावारी, नऊवारी म्हणतो ते वारावरून. वार म्हणजे छत्तीस इंच, 91.44 सेंटिमीटर. 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापं आली आणि पुढच्या काही वर्षांत दुकानांतून वार गेला, मीटर आला. सहा वार म्हणजे 5.49 मीटर, नऊ वार 8.23. आज साडीवर 6.3 मीटर लिहिलेलं असतं. त्यातले 80 सेंटिमीटर साडीलाच जोडून विणलेल्या ब्लाउज पीसचे. कायदा होऊन इतकी वर्षं झाली, पण ‘साडेपाच मीटरी साडी’ असं अजून कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

*

सासूबाईंची एक वही आहे. लांबट, हिशेबाची. तिच्यात त्यांनी दुकानात आलेल्या प्रत्येक नव्या रंगाचं बोटभर कात्रण चिकटवलं आणि शेजारी कंपनीचा नंबर लिहिला. नंबरापुढे स्वतः ठेवलेलं नाव. अंजिरी, शेवाळी, अबोली, गुलबक्षी, मोरपंखी ही सगळ्यांची नावं आहेतच. पण दोन शेवाळींमध्ये तिसरा आला की नाव कुठून आणायचं? मग त्यांनी लिहिलंय: ‘सुकलेली मेथी’. ‘बिटाची कोशिंबीर, दही घातल्यावर’. ‘येऊर, पहिल्या पावसानंतर’. ‘निरशा दुधाचा चहा’. चिंतामणी या एका नावाखाली चार कात्रणं आहेत आणि समोर शेरा: ‘ज्या त्या बाईला विचारून घ्यावे’.

कंपन्यांनी नंबर बदलले, काही कंपन्या बंद पडल्या. वहीतले नंबर आता निरुपयोगी आहेत. नावं मात्र अजून चालतात. मी मदतनीस मुलीला ‘दह्यातलं बीट काढ’ म्हटलं की ती बरोबर ताका काढते. सासूबाई गेल्यावर मी वहीत पुढची पानं भरते आहे. मला सिनेमाची, मालिकांची आवड नाही. दुपारी दुकान रिकामं असलं की मी ही वही उघडून बसते. माझा छंद म्हणाल तर हाच.

*

या धंद्याचं वय फार नाही, हे मला आता दिसतं आहे. साडीलाच ब्लाउज पीस जोडून यायला लागला तेव्हा पहिला फटका बसला. मग ताणले जाणारे तयार ब्लाउज आले, सगळ्या साड्यांवर चालणारे. सोनेरी, काळा आणि लाल घेतला की झालं. त्यात काँट्रास्टची फॅशन परतली. खण तर थाटात परत आला, आता त्याच्या साड्या, पर्स आणि फोनची कव्हरंसुद्धा निघतात. सासूबाईंच्या आईला हे बघून हसू आलं असतं. त्यांच्या लेकीने आणि माझ्यासारखीने दोन पिढ्या ज्या जुळणीवर पोट भरलं, ती मधली एक वळणाची जागा होती.

नवरात्र तेवढं हात देतं. नऊ दिवसांचे नऊ रंग ही चाल किती पुरातन वाटते! प्रत्यक्षात महाराष्ट्र टाइम्सने या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत रंगांची यादी छापायला सुरुवात केली आणि लोकलच्या डब्यांपासून बँकांच्या काउंटरपर्यंत बायका एका रंगात दिसू लागल्या. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा, असे बरेचसे रंग वारावरून ठरतात. त्या आठवड्यात मी आधी करड्याचा साठा करते. एरवी करडं कुणाच्या कपाटात नसतं आणि शनिवार मात्र चुकत नाही.

आमची इमारत पुनर्विकासाला गेली आहे. नव्या इमारतीत गाळा मिळेल, पण मधली काही वर्षं लहान भाड्याच्या जागेत काढावी लागतील. तिथे भिंतीवरचे निम्मेच ताके मावतील. नवरा म्हणतो, फॉल-बिडिंग आणि लेस ठेव, रुबिया काढून टाक. हिशेबाने त्याचं बरोबर आहे. गेला महिनाभर मी ताक्यांपुढे उभी राहून कुठले काढायचे ते ठरवते आहे. मोरपंखी आणि सुकलेली मेथी यांत काय ठेवू? मोरपंखी खपतो. मेथीसाठी वर्षातून दोन बायका येतात, पण ठाणं पालथं घालून येतात.

*

मुलीच्या साडीकडे परत येते. फॉलखालच्या डाळिंबीसाठी मला पाच मिनिटंही लागली नाहीत. वहीत नाव आहे, फळीवर ताका आहे, पायरीवर नेऊन पाहिलं, जुळला. वरच्या उडालेल्या रंगाला मात्र नंबर नव्हता. तो कुठल्या कारखान्यात तयार झालाच नव्हता. तीसेक वर्षांचं धुणं, गॅलरीतलं ऊन, इस्त्री आणि ती बाई कुठे कुठे गेली ते, यातून तो आला होता. विटकरी लावला तर तांबडा जास्त, अबोली लावली तर नारिंगी जास्त. मंगळवारी मुलगी आली तेव्हा मी तिच्यापुढे डाळिंबी पीस ठेवला आणि सांगितलं, हा तयार आहे. दुसरा हवा असेल तर रंगवून घ्यावा लागेल.

तिने डाळिंबी पीस साडीवर ठेवून पाहिला, मग उचलून बाजूला केला. “काकू, आईने ही आणली तेव्हा अशी असेल. पण मी जन्मले त्यानंतरची. मी तिला ह्या रंगात कधी पाहिलंच नाही.”

आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एक डाइंगवाले काका बसतात. ओढण्या, अस्तर, परकर रंगवून देतात. पत्र्याच्या शेडमध्ये दोन पातेली, शेगडी, रंगाच्या पुडींचे डबे आणि मिठाची पिशवी. मीठ घातलं की सुताला रंग धरतो. त्यांच्याकडे तराजू आहे, पण मी त्यांना तो कधी वापरताना पाहिलं नाही. मी पांढरी रुबिया कापली आणि मुलीला घेऊनच गेले. काकांनी साडीचा पदर उजेडात धरला, उलटा केला, डोळे बारीक केले. लाल टाकला, किंचित पिवळा, मग चमच्याच्या टोकावर येईल एवढा काळा. पहिली चिंधी बुडवून काढली, मान हलवली. पाणी वाढवलं. दुसरी काढली, आणखी थोडा काळा. तिसरी चिंधी पिळून त्यांनी मुलीच्या हातात दिली.

ती म्हणाली, “हा जास्त गडद आहे.”

“ओला आहे ना, बाई. ओला गडदच दिसतो. वाळू दे.”

त्यांनी ब्लाउज पीस पातेल्यात सोडला आणि काठीने हलवत राहिले. चिंधी आम्ही शेडच्या तारेवर अडकवली, साडीचा पदर शेजारी धरला आणि वाळायची वाट बघत उभ्या राहिलो. वहीत लावायला मी तिचा एक कोपरा मागून घेतला आहे. नाव काय लिहायचं ते मुलीला विचारणार आहे.